‘काढा’ बटणाने विचारलंच नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं होतं. ऑनलाइन बिल भरताना त्यांनी ‘पुढे’ दाबलं, काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं आणि पैसे दोनदा गेले. पैसे उशिरा का होईना परत मिळाले, त्याबद्दल त्यांचं फार म्हणणं नव्हतं. पण शेवटी त्यांनी लिहिलं होतं की वयामुळे आपल्याच हातून काहीतरी चुकत असावं. ते वाक्य मला दोन दिवस टोचत होतं. सर, तुमचं काही चुकलेलं नाही. बटण चुकलं, आणि असली बटणं आमच्यासारखे लोक करतात. मी २००९ पासून हेच करते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं वाईट करत होते.

पापडीला एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं चार जणांचं ऑफिस आहे. वसई पट्ट्यातल्या दोन-तीन पतसंस्था, एक शाळा आणि एक मच्छीमार सोसायटी यांची सॉफ्टवेअर आम्ही लिहितो, सांभाळतो. आमचं काम ‘रुबी ऑन रेल्स’ या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यावर चालतं. डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश माणसाने २००४ मध्ये ते जगाला फुकट दिलं. त्यात पडद्यावरचं पान जिथे रचलं जातं त्या भागाला ‘व्ह्यू’ म्हणतात, आणि पानापानावर लागणारी तीच ती गोष्ट एकदाच लिहून नाव देऊन ठेवली की तिला ‘हेल्पर’. घरात वाटण करून ठेवतो ना, तसं. बटण हवं तिथे हेल्परला हाक मारायची, तो बटण तयार करून देतो.

२००५-०६ च्या सुमारास एक नवी हौस आली होती. अख्खं पान पुन्हा न आणता त्याचा एखादाच तुकडा बदलायचा. त्याला ‘एजॅक्स’ हे नाव २००५ च्या फेब्रुवारीत मिळालं आणि रेल्सवाल्यांनी ते लगेच उचललं. ‘लिंक टू रिमोट’ नावाचा हेल्पर होता. रुबी या आमच्या भाषेत एक ओळ लिहायची, ब्राउझरमध्ये चालणारी दुसरी भाषा, जावास्क्रिप्ट, तो स्वतः लिहून देणार. मी २००९ मध्ये सुरुवात केली तेव्हा मला जावास्क्रिप्ट येत नव्हतं, त्यामुळे मला तर तो देवच वाटला. पण पानाचा सोर्स, म्हणजे आतला मूळ मजकूर, उघडून पाहिला की कळायचं, लिंकच्या पत्त्याच्या जागी नुसता ‘#’ आहे आणि खरं काम सगळं ‘ऑनक्लिक’मध्ये, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणाऱ्या हुकमात, कोंबलेलं आहे. लिंक दिसायची लिंकसारखी, पण ती कुठेच जात नव्हती.

त्याचा त्रास कसा व्हायचा ते सांगते. आमच्या एका पतसंस्थेचे मॅनेजर सकाळी थकबाकीदारांची यादी उघडायचे आणि एकेका नावावर उजवं क्लिक करून ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ म्हणायचे. दहा टॅब उघडायचे आणि दहाही टॅबमध्ये तीच यादी! ते फोन करायचे आणि मी त्यांना सांगायचे, “साहेब, टॅबमध्ये नाही उघडायचं, साधं क्लिक करा.” दोन वर्षं मी त्या माणसाला हे शिकवत होते. त्यांची पद्धत बरोबर होती, लिंक खोटी होती.

आता माझ्या स्वतःच्या पराक्रमाकडे येते. रेल्सचे हेल्पर अपुरे वाटायला लागले म्हणून मी माझा एक केला: ‘एजॅक्स बटण’. सुरुवातीला त्याला दोनच गोष्टी सांगाव्या लागत, बटणावरचा मजकूर आणि पत्ता. मग कुणाला बटण लाल हवं झालं. कुणाला दाबल्यावर गोल फिरणारं चक्र. कुणाला आधी ‘नक्की ना?’ असं विचारायला हवं. प्रत्येक वेळी मी एक कप्पा वाढवला. २०११ पर्यंत अकरा झाले होते आणि त्यातले बरेच बहुतेक वेळा रिकामे. पानात ओळ अशी दिसायची: मजकूर, पत्ता, निल, निल, ट्रू, निल, फॉल्स, लाल. पाचव्या जागेवरचं ‘ट्रू’ कशाला हो म्हणतंय, हे माझं मलाच फाइल उघडून बघावं लागे. आमच्याकडच्या बाटली मसाल्यात पंचवीस-तीस जिन्नस पडतात आणि तो कशातही घातला तरी चालतो. हेल्परचं तसं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात एका पतसंस्थेच्या काउंटरवरून फोन आला. तिथली क्लार्क माझ्या ओळखीची. म्हणाली, “ताई, त्याने विचारलंच नाही हो.” मला काही कळेना. एका सभासदाच्या खात्यात वारसाच्या नावापुढे ‘काढा’ असं बटण होतं. तिचा हात चुकून त्यावर पडला. एरवी लगेच चौकट येते, ‘अमुकची नोंद नक्की काढायची?’ आणि आपण ‘नाही’ म्हणून सुटतो. या वेळी चौकट आलीच नाही आणि नोंद गेली. मी तिला म्हटलं, असं होणारच नाही, तू ‘हो’ दाबलं असशील. तिने तिथेच दुसऱ्या खात्यावर करून दाखवलं, चौकट आली. परत या खात्यावर केलं, तर नाही आली आणि दुसरा वारसही गेला. सुदैवाने कागदी रजिस्टर होतं, त्यावरून दोघांची नावं परत भरली.

सभासदाचं आडनाव होतं डी'सोझा.

आमच्याकडे हे आडनाव काही परकं नाही. डी'सोझा, डी'मेलो, डी'ब्रिटो ही माणसं पिढ्यान्पिढ्या इथली, घरात मराठीचीच बोली बोलणारी. पॅन कार्डावर जसं आहे तसंच नाव भरायचं असा संस्थेचा नियम, त्यामुळे ‘डी’नंतरचं ते वरचं स्वल्पविरामासारखं टिंब जसंच्या तसं माझ्या हेल्परकडे यायचं. मी प्रश्नाचं वाक्य त्याच चिन्हात बांधलेलं. जावास्क्रिप्टला ते चिन्ह दिसलं की वाक्य संपलं असं वाटतं. ‘डी’शी वाक्य संपलं, मग ‘सोझा’ हे काय मध्येच? वाक्यरचनेची चूक, सगळी ओळ रद्द. आणि प्रश्न विचारायचं काम त्याच ओळीत होतं. ओळ रद्द झाली म्हणजे अडवणारं कोणी उरलं नाही. बटण मात्र फॉर्मचं होतं, फॉर्म गुपचूप पुढे गेला.

लाज वाटते सांगायला, पण माझा पहिला उपाय होता क्लार्कला सांगणं की ते चिन्ह गाळून ‘डीसोझा’ लिहा. ती म्हणाली, “नाव त्यांचं आहे ताई, मी कसं बदलू?” ती बरोबर होती.

मग मी शहाणपणा केला. त्या चिन्हाऐवजी एचटीएमएलचा (पान रचायच्या भाषेचा) सांकेतिक आकडा, ३९ नंबरचा, घालून दिला. तरी तेच! अर्धा दिवस डोकं धरून बसले तेव्हा कुठे उमगलं. ब्राउझर आधी एचटीएमएल वाचतो, तिथेच तो ३९ चा पुन्हा टिंब करतो आणि मग उरलेला मजकूर जावास्क्रिप्टच्या हातात देतो. म्हणजे मी दारावर घातलेलं कुलूप पहिला पाहुणाच काढून आत ठेवत होता. रुबीच्या पोटात एचटीएमएल, एचटीएमएलच्या पोटात जावास्क्रिप्ट, आणि तिघींचे अवतरणचिन्हांचे नियम वेगवेगळे. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

याच कामासाठी रेल्समध्ये ‘एस्केप जावास्क्रिप्ट’ नावाचा हेल्पर पहिल्यापासून बसलेला होता. रेल्सच्या लिंक करून देणाऱ्या ‘लिंक टू’ या हेल्परला प्रश्न सांगितला की तो त्यातूनच गाळून घ्यायचा. म्हणजे फ्रेमवर्कने दिलेलं साधं वापरलं असतं तर हे घडलंच नसतं. मी वरून माझं शहाणं बटण बांधलं आणि त्यात गाळणी लावायची विसरले. गाळणीही काही अमृताची नसते म्हणा. २०१५ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये मजकूर बांधायचं आणखी एक चिन्ह आलं, उलटं टिंब. ते या गाळणीत धरलेलं नव्हतं, आणि ती दुरुस्ती २०२० च्या मार्चमध्ये झाली. जगभरातली हुशार माणसं जिथे पाच वर्षं हुकली, तिथे पापडीच्या बाईने हातानं जावास्क्रिप्ट जोडायला जाऊ नये.

सुटका वेगळ्याच दिशेने झाली. २०१० च्या ऑगस्टमध्ये रेल्सची ३.० आवृत्ती आली होती. हेल्परने जावास्क्रिप्ट लिहायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. हेल्पर आता नुसतं एचटीएमएल देतो आणि बटणावर एक चिठ्ठी चिकटवतो, ‘डेटा-कन्फर्म’ नावाची, तिच्यात साधा मजकूर: डी'सोझा यांची नोंद काढायची? ती चिठ्ठी वाचून प्रश्न विचारणारं जावास्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये, सगळ्या पानांसाठी एकच. आडनाव आता कुठल्याही हुकमाच्या मधोमध नाही, ते फक्त मजकूर आहे. तिघी एकमेकींच्या पोटातून बाहेर पडल्या.

आमचा तिकडे जायचा योग मात्र २०१४ मध्ये आला. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवरून चारवर न्यायचं ठरलं, तेव्हा मी हेल्परच्या तिन्ही फाइली कागदावर छापून काढल्या. सव्वाचारशे ओळी. ‘एजॅक्स बटण’ त्रेसष्ट ठिकाणी वापरलेलं. गिरणीच्या घरघरीत बसून एकेका वापरापुढे पेन्सिलने लिहिलं की इथे खरं काय हवंय. उत्तरं दोनच निघाली. पाहायचं असेल तिथे लिंक हवी होती. बदलायचं, काढायचं, भरायचं असेल तिथे फॉर्म हवा होता. त्रेसष्टमधल्या चाळीसएक ठिकाणी तर एजॅक्सची गरजच नव्हती, मी फक्त बटण तयार होतं म्हणून वापरलं होतं. ती सगळी रेल्सच्या स्वतःच्या ‘लिंक टू’ आणि ‘बटन टू’वर नेली. ‘बटन टू’ दिसतं साधं बटण, पण खाली खराखुरा फॉर्म करतं. जावास्क्रिप्ट आलं नाही तरी तो फॉर्म जातो. नायगाव-भाईंदरच्या मध्ये खाडीवर गाडी आली की माझ्या फोनची रेंज हमखास जाते आणि पान अर्धं उतरून थांबतं. अशा अर्ध्या पानावरही लिंक ही लिंक राहते. माझं जुनं बटण अशा वेळी रंगवलेल्या भिंतीइतकंच उपयोगी होतं.

माझा हेल्पर उरला तीन ओळींचा. नाव ‘काढा बटण’. त्याला सांगायचं काय काढायचं आणि कुणाचं, एवढंच. रंग, चक्र, तुकडा बदलणं, सगळं गेलं. एका संचालकांना लाल रंग हवा होता, तो स्टाइलच्या फाइलमध्ये एका ओळीत दिला. रंगाचं काम तिचंच होतं.

सरांच्या पैशांचं राहिलंच. दोनदा दाबण्याचं प्रकरण आमच्याकडेही झालं होतं, ‘जमा करा’वर. बटण दाबल्याबरोबर ते फिकट करायचं आणि त्यावर ‘थांबा, जमा होत आहे’ असं लिहायचं, याची सोय तेव्हाच्या रेल्समध्ये एका चिठ्ठीत होती, ‘डेटा-डिसेबल-विथ’. सरांना हे दिसलं असतं तर त्यांनी दुसऱ्यांदा दाबलंच नसतं. पण ही सोय म्हणजे फक्त शिष्टाचार. रेंज गेली, पान पुन्हा उघडलं, की बटण परत टवटवीत. म्हणून आम्ही फॉर्म उघडतानाच त्याला एक न बदलणारा क्रमांक देतो आणि तो क्रमांक डेटाबेसमध्ये दोनदा येऊ शकत नाही असा पक्का नियम ठेवतो. माणूस दहादा दाबो, पैसे एकदाच. हे काम पानाचं नाही, आतल्या डेटाबेसचं आहे. माझ्या जुन्या हेल्परमध्ये दोनदा दाबलं का हे तपासणाऱ्या अठरा ओळी होत्या, त्यातली एकही गरजेची नव्हती.

या सगळ्याला सहा दिवस लागले. बिल घेऊन गेले तर संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, यात नवीन काय दिसतं?” मी म्हटलं, काहीच नाही. “मग पैसे कशाचे?” त्यांचंही बरोबरच. नवा अहवाल, नवा छापखानी पासबुक-नमुना असं काही असलं की संचालक मंडळात चहाबरोबर मंजूर होतं. साडेतीनशेहून जास्त ओळी पुसल्या, याला त्यांच्या वहीत रकानाच नाही. मी तेव्हा ते ‘आवृत्ती बदल’ या खर्चात घातलं, हे इथे कबूल करते. (नाव न छापण्याचं एक कारण हेही.)

म्हणून तुमच्या वाचकांपैकी जे कुठल्या संस्थेच्या, शाळेच्या, सोसायटीच्या कमिटीवर आहेत त्यांना एक विनंती आहे. सॉफ्टवेअर ताब्यात घेताना रंगीत आलेखांवर भुलू नका. कुठल्याही नावावर उजवं क्लिक करा आणि नव्या टॅबमध्ये उघडा, तेच पान परत आलं तर करणाऱ्याला जाब विचारा. एक सभासद डी'सोझा नावाने भरा आणि काढून पाहा. ‘जमा करा’ घाईघाईने तीनदा दाबा. पान उघडून वाय-फाय बंद करा, बटण दाबा, आणि ते तुम्हाला काही सांगतं की मुकं बसतं ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही.

आमच्याकडे अलीकडे एक मुलगा लागला आहे, हुशार आहे. परवा त्याने एआयकडून एक ‘सर्वसमावेशक बटण हेल्पर’ लिहून आणला. आठ कप्पे, नीटनेटकी टिपणं, मला माझी २०११ ची फाइलच दिसली, फक्त इस्त्री केलेली. मी त्याला रागावले नाही. कुठल्या तीन जागी तो लागणार आहे ते दाखव म्हटलं. त्याला एकच सापडली.

आणि हे सगळं एकदा करून संपतं असंही नाही. २०११ मध्ये रेल्सने जेक्वेरी हे जावास्क्रिप्टचं तयार साधन आपलंसं केलं, २०१७ मध्ये सोडलं, २०२१ च्या डिसेंबरमध्ये सातव्या आवृत्तीबरोबर चिठ्ठ्या वाचणारं नवं जावास्क्रिप्ट, ‘टर्बो’, आलं आणि चिठ्ठ्यांची नावंच बदलली. ‘डेटा-कन्फर्म’चं ‘डेटा-टर्बो-कन्फर्म’ झालं. नामांतराचा हा सोस मला बिलकूल आवडत नाही, कारण जुनी चिठ्ठी तशीच राहिली तर कुणी ओरडत नाही. ती नुसती वाचली जात नाही.

आमच्या चाचणीच्या डेटाबेसमध्ये सभासद क्रमांक १ चं आडनाव डी'सोझा आहे, त्या पावसाळ्यापासून. नवी आवृत्ती आली की पहिल्यांदा तिचा वारस काढून बघायचा, हा ऑफिसचा रिवाज. २०२२ मध्ये सात नंबर चढवून मी बटण दाबलं आणि वारस गेला. न विचारता! पोटात अगदी तसाच गोळा आला. या वेळी आडनावाचा दोष नव्हता, पाटील असते तरी गेला असता. पण या खेपेला बघायला एकच जागा होती. तीन ओळींच्या हेल्परमध्ये एक शब्द बदलला, पान ताजं केलं, पुन्हा दाबलं. चौकट आली, टिंबासकट: डी'सोझा यांची नोंद नक्की काढायची?

मी ‘नाही’ दाबलं आणि खाली चहाला गेले.

पत्र लांबलं आहे. कात्री लावणार असाल तर रेल्सचा इतिहास खुशाल कापा, पण कमिटीवाल्यांसाठी लिहिलेला परिच्छेद ठेवा. आणि त्या सरांना, जमलं तर, पहिला परिच्छेद तेवढा पोचवा.

आपली,
एक वाचक, वसई (पश्चिम)
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, छापू नये ही विनंती.)